बारावी

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीमागचं हे मैदान काळ्या मातीचं,
पाऊस सरला की भेगाळतं,
मग चेंडू कधी सरळ येतो, कधी मनाला येईल तसा.
मी पोरींना सांगतो, नांदेडचं मैदान गवताचं आहे,
तिथं चेंडू ऐकेल तुमचं.
खरं म्हणजे मी ते जाळीबाहेरूनच पाहिलंय,
एका लग्नाला गेलो होतो तेव्हा.

सकाळचे साडेपाच. तोंडातून वाफ निघायली.
तेलाचे आठ रिकामे डबे ओळीत मांडले.
डाव्या पायानं आत, उजव्यानं बाहेर,
डबा वाजला की पुन्हा पहिल्यापासून.
अल्फियाचे चार वाजतात, संबोधीचा एकही नाही,
मुक्ता डब्यालाच म्हणते, "सरक की गं माय!"

मग तिघींचं कडं, मध्ये एक चोर.
चेंडू दिला म्हणजे सुटलीस, असं नसतं.
मी तीस वर्षं रुळांचे सांधे बदललेत,
इंजिन पुढं गेलं तरी आमची नजर
शेवटच्या डब्यामागच्या लाल दिव्यावर.
"आली सरांची गाडी," कुणीतरी पुटपुटतं
आणि सगळं कडं हसून विस्कटतं.

गोल म्हणजे दोन बांबू, वर सुंभ बांधलेला.
चेंडू सुंभावरून गेला का खालून
यावर रोज अर्धा घंटा कोर्टकचेरी.
नगिना भावाचे क्रिकेटचे ग्लोव्हज घालून उभी,
दोन्ही हातांना डाव्याच हाताचे.
प्रत्येकीच्या पाच पेनल्ट्या. हुकली तर
तोंडावर हात घ्यायचा नाही, मागं बघायचं नाही,
पळत आपल्या जागेवर.
हेही घोटून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र मलाच घोटता आलेली नाही.

खिशातल्या कागदावर नावं अकरा,
मैदानावर पोरी बारा.
बारावी म्हणलं की गावाला परीक्षाच आठवते.
माझी बारावी म्हणजे शिवकांता,
जी नदीपलीकडून सायकलीवर सगळ्यांच्या आधी पोहोचते,
डबे मांडते, शेवटी धुऊन पालथे घालते,
आणि पळताना मात्र
दोन पावलं मागं पडते. रोज. दोनच पावलं.

काल रात्री तिला सांगायचं वाक्य
मी चुलीपुढं उभं राहून म्हणून बघितलं,
"हे बघ बाळा, उद्या तू आधी..."
बायको म्हणाली, "कुणाला समजूत घालायलाव?"
मी म्हणालो, भाकर करपायली.

आज वाक्य तोंडात धरूनच तिच्याकडं गेलो.
ती फक्कीनं रेघा मारत होती, सुतळी ताणून,
एका पायानं माती दाबत.
कडेच्या रेघेबाहेर तिनं एक चौकोन आखला,
पोत्याएवढा.
मी विचारलं, हे काय गं?

"बाक आहे सर."

मग फक्कीचा हात चड्डीला पुसत म्हणाली,
"इथून अल्फियाची बाजू नीट दिसती.
ती दमली ना, की सांगत नाही कुणालाच,
फक्त डावा मोजा वर ओढती.
दोनदा ओढला की समजायचं."

मी काही बोललो नाही.
चार महिने शिट्टी माझ्या गळ्यात,
मोजा मला एकदाही दिसला नव्हता.

शेवटचा डाव लावला, सहा विरुद्ध पाच.
शिवकांता चौकोनात बसली, गुडघे छातीशी.
उन्हं टाकीच्या मागून मैदानात उतरली.
मुक्ताचा चेंडू भेगेत आपटून भलतीकडं उडाला,
अल्फिया त्याच्यामागं धावली, अडवला, परत दिला,
वाकली.
मोजा.

मी घड्याळ बघितलं. पुन्हा मैदानाकडं बघेपर्यंत
अल्फिया दुसऱ्यांदा वाकली होती
आणि चौकोन रिकामा होता,
फक्कीत दोन पावलं उमटलेली,
रेघेकडं तोंड करून.